लीव्ह अँड लायसन्सचा ऑनलाइन करार: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यात वारज्याचा आमचा टू बीएचके मी आणि आई, दोघांच्या नावावर आहे. चौदा महिन्यांपूर्वी तो पहिल्यांदा भाड्याने दिला. तेव्हापासून दोन लीव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे ठराविक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचे) झाले, दोन्ही ऑनलाइन नोंदणीचे. पहिला अकरा महिने चालून संपला, दुसऱ्याचा तिसरा महिना चालू आहे.

नोंदणी घरबसल्या होते, हे खरंच मोठं सुख. एजंट थंब मशीन आणि लॅपटॉप घेऊन नारायण पेठेत आमच्या घरी आला. आईचं वय ७८, बोटांच्या रेषा झिजलेल्या. अंगठा लागेना. त्याने ओल्या फडक्याने बोटं पुसली, एकेक बोट लावून पाहिलं, शेवटी डाव्या हाताची अनामिका चालली. घरात ज्येष्ठ माणूस सहमालक असेल तर आधारमधले बोटांचे ठसे आधीच अपडेट करून ठेवा आणि एजंटला सकाळची निवांत वेळ द्या. आम्ही संध्याकाळी बोलावलं, आई दमून गेली.

खर्च फार नाही. भाडं २२,००० आणि डिपॉझिट ७५,०००. पूर्ण मुदतीचं एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. आमचं सहाशे-सातशेच्या घरात आलं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटचे पैसे वेगळे, ते आधीच ठरवून घ्या.

'ओळखीचे आहेत, नोंदणी नको, नुसतं नोटरी करू' असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करणं ही मालकाची जबाबदारी आहे. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरतात, ते खोटं असल्याचं मालकाने सिद्ध करेपर्यंत. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा वादांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं आणि दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते.

पण माझं नुकसान झालं ते या कशानेच नाही. पहिल्या करारात एजंटने नेहमीचा मजकूर टाकला होता: 'फॅन, ट्यूब, गीझर'. बस. भाडेकरू जाताना गीझर बंद निघाला. ते म्हणाले, आम्ही आलो तेव्हाच बंद होता, आम्ही बादलीत हीटर टाकून पाणी तापवायचो. माणसं चांगली होती, भाडं कधी एक दिवस चुकलं नाही, त्यामुळे मला वाईट वाटलं. चालू होता असं कागदावर कुठेच नव्हतं. नवा गीझर मी माझ्या पैशाने बसवला आणि डिपॉझिट पूर्ण परत केलं. त्यांच्याशी भांडायला माझ्याकडे पुरावाच नव्हता.

सोसायटीचाही एक अनुभव. भाडेकरू आल्यावर समितीने दरमहा १,००० रुपये बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलं जाणारं) लावलं. राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि महापालिकेचे कर त्या हिशेबात धरत नाहीत. आमचं सेवा शुल्क २,४००, म्हणजे २४०. आदेशाची प्रत जोडून पत्र दिलं, पोच घेतली. दोन महिन्यांनी बिल दुरुस्त झालं. मिळकतकराचा हिशेबही आधीच करा: स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका जी ४० टक्के सवलत देते, ती भाड्याच्या घराला मिळत नाही. भाडं ठरवताना मी हे धरलं नव्हतं. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवायला दहा मिनिटं लागतात, ती किल्ली देण्याआधीच कळवा.

दुसऱ्या करारात मी एजंटचा मसुदा तसाच घेतला नाही. वेगळी यादी टाइप करून करारात घालायला लावली: गीझर १५ लिटर, चालू, पंखे चार, बेडरूमच्या एकाला आवाज, महावितरणच्या मीटरचं त्या दिवशीचं रीडिंग, गॅस मीटरचंही. मग नव्या भाडेकरू ताईंबरोबर घरभर फिरलो, फोनवर फोटो काढले आणि तिथेच त्यांना पाठवले. सिंकखालच्या टाइलचा टवका मला कधी दिसलाच नव्हता, तो त्यांनीच वाकून दाखवला. यादीत तो सतरावा आहे.