जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२.२: मुद्रितशोधनाच्या टेबलावरून

मी रत्नागिरीत घरी बसून मुद्रितशोधन करते. लॅपटॉप २०१५ चा, पाचव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही. लेखकांची अजून छापली न गेलेली पानं ज्या यंत्रावर असतात, ते सुरक्षेच्या दुरुस्त्यांशिवाय इंटरनेटला जोडलेलं ठेवणं मला पटेना. हार्डडिस्क काढून २४० जीबीची एसएसडी बसवून घेतली आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई अशी तिची तीन रूपं मिळतात. ४ जीबीसाठी मी सगळ्यात हलकं एक्सएफसीई घेतलं. २२.२ ही आवृत्ती उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं कारण.

मिंट बसवण्यासाठी लागणारी सुमारे तीन जीबीची आयएसओ फाइल उतरवल्यावर बहुतेक जण ती थेट पेनड्राइव्हवर चढवतात. तसं करू नका. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली होती आणि १७.३ सिनॅमनच्या दुव्यावर मागचं दार, म्हणजे परक्याला गुपचूप आत शिरायची वाट, ठेवलेली बनावट आयएसओ लावली गेली होती. प्रकल्पाने ते स्वतःच जाहीर केलं, लपवलं नाही, म्हणून माझा विश्वास वाढला. पण धडा घ्यायचा तो आपण. विंडोजमध्येच असलेल्या सर्टयुटिलने फाइलचा ६४ अक्षरी चेकसम, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा ठसा, काढून मी तो मिंटच्या संकेतस्थळावर दिलेल्या आकड्याशी ताडला. संकेतस्थळच परक्याच्या हाती गेलं तर तो आकडाही बदलता येतो, म्हणून चेकसमच्या फाइलवरची मिंटची डिजिटल सहीसुद्धा जीपीजी या सही तपासणाऱ्या साधनाने तपासली. एकूण अर्धा तास गेला.

प्रत्यक्ष बसवणं सोपं आहे. पेनड्राइव्हवरून चालू करून आधी आवाज, पडदा, टचपॅड सगळं पाहून घेता येतं, डिस्कला हात न लावता. मग 'इरेज डिस्क' निवडल्यावर खाली 'ॲडव्हान्स्ड फीचर्स' असं एक बटण आहे. डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करण्याचा पर्याय त्याच्या आत आहे आणि आपण न सांगता तो लागत नाही. माझ्या मते हा पर्याय समोर, मोठ्या अक्षरांत हवा होता. लॅपटॉप एसटीत विसरला किंवा चोरीला गेला, तर लॉगिनचा पासवर्ड काही कामाचा नाही. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली की सगळं वाचता येतं. मी कुलूप लावलं, आता सुरू करताना लॅपटॉप आधी पासफ्रेज, म्हणजे लांबलचक पासवर्ड, विचारतो. ती रोमन अक्षरांतच ठेवा, त्या टप्प्यावर देवनागरी कळफलक हाताशी नसतो.

वायफायने मात्र दमवलं. माझं कार्ड ब्रॉडकॉमचं. मोबाइल यूएसबीने जोडून इंटरनेट घेतलं, ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाकला, त्याने सिक्योर बूटसाठी (सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) एक पासवर्ड मागितला. पुन्हा सुरू करताना एक निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर निघून जातो. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. वायफाय आलंच नाही. अनेक जण इथे बायोसमध्ये जाऊन सिक्योर बूटच बंद करून टाकतात. मला ते नको होतं. मोकयुटिल या आज्ञेने ड्रायव्हरच्या सहीची चावी पुन्हा नोंदवायला दिली आणि या वेळी पडद्यासमोर बसून 'एनरोल एमओके', म्हणजे ती चावी नोंदवा, हे निवडलं. तेव्हापासून तक्रार नाही.

आता मराठी, म्हणजे माझं पोट. कळफलकांच्या यादीत मराठी सापडतं, मी इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाण कळमांडणी वापरते. 'वाऱ्यावर', 'दऱ्या' यांतला अर्धा र शिफ्ट आणि जे दाबून मिळणाऱ्या ऱ ने नीट उमटतो. पहिल्या दिवशी ल आणि श हिंदी वळणाचे दिसले तेव्हा जीव खट्टू झाला. उपाय लिब्रेऑफिसच्या भाषेच्या सेटिंगमध्ये आहे: संकुल लिपीसाठीची (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, देवनागरी त्यात येते) भाषा मराठी केली की ज्या फॉन्टात मराठी वळणं आहेत तिथे ती आपोआप येतात. हे कुणीतरी पहिल्याच पानावर सांगायला हवं.

अडचण आहे ती जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांतल्या फाइलींची. त्या इथे उघडल्या की निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. अशी कामं देणाऱ्यांकडून मी आता पीडीएफ मागते आणि त्यावरच खुणा करते. तुमचं सगळं काम त्या फॉन्टांत असेल तर विंडोजचं एखादं यंत्र ठेवावंच लागेल.

रोजची निगा थोडी आहे. खाली ढालीचं चिन्ह असतं, त्यावर ठिपका दिसला की दुरुस्त्या आल्या. सोमवारी सकाळी चहा होईतो त्या लावून होतात. कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बदलणार असेल तर आधी टाइमशिफ्ट या मिंटमधल्या साधनाने स्नॅपशॉट, म्हणजे प्रणालीची त्या क्षणाची प्रत, घेते. फायरवॉल आधीपासून बसवलेली आहे, पण बंद. आत जाऊन एकदा चालू करायची. कार्यक्रम फक्त सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घेते, आणि इंटरनेटवर कुठेतरी सापडलेली 'सुडो'ची, म्हणजे यंत्रावरचे सगळे अधिकार वापरणारी, ओळ समजल्याशिवाय टर्मिनलमध्ये चिकटवत नाही. व्हायरसपेक्षा मला त्या ओळीची भीती जास्त वाटते.

टाइमशिफ्टबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. डिसेंबरात माझ्या हातून एका कादंबरीचं दुसरं प्रूफ पुसलं गेलं. स्नॅपशॉट आहे म्हणून निर्धास्त होते. परत आणला, तर प्रणाली जशीच्या तशी आली आणि प्रूफ आलं नाही. टाइमशिफ्ट मूळ मांडणीत फक्त प्रणाली जपतो, आपलं होम फोल्डर वगळतो. तसं त्याच्या सेटिंगमध्ये लिहिलेलंही आहे. दोन रात्री जागून ११२ पानं पुन्हा वाचली. आता मिंटच्याच बॅकअप टूलने दर शनिवारी कामाची प्रत बाहेरच्या डिस्कवर जाते, आणि तीही डिस्क कुलूपबंद केलेली आहे. आतली कुलूपबंद आणि बाहेरची उघडी ठेवून चालणार नव्हतं.

वेगाचं विचाराल तर लिब्रेऑफिसमध्ये तीनशे पानांची फाइल आणि फायरफॉक्सचे चार-पाच टॅब एकदम चालतात. त्याहून जास्त झालं की ४ जीबी कमी पडते, तिथे मिंटचा इलाज नाही, रॅमच वाढवावी लागेल. जूनमध्ये वीज सारखी जाते आणि माझी बॅटरी संपलेली आहे, त्यामुळे पावसाळ्याआधी बॅटरी घेणार आहे.

पासफ्रेज विसरली तर डिस्क कुणालाही उघडता येत नाही, मिंटवाल्यांनाही नाही. म्हणून ती एका कागदावर लिहून घराच्या सातबाऱ्याच्या पाकिटात ठेवली आहे, आणि मुलीला पाकीट दाखवून ठेवलं आहे.