अंदाज एप्रिलचा, वादळ मेचं : खान्देशातल्या बागायतदारासाठी हवामानसेवांचं परीक्षण

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास आपल्याकडे दोन भाकितं येतात. एक हवामान विभागाचं, दिल्लीहून. दुसरं शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीचं. पारावर दोन्हींची चर्चा एकाच दमात होते. महिनाभरात रावेर-यावलकडे एखाद्या संध्याकाळी वारा सुटतो, कापणीला आलेली केळीची बाग आडवी होते आणि मग सगळे एप्रिलच्या अंदाजावर तुटून पडतात. ही तक्रार चुकीच्या खिडकीवर आहे. एप्रिलचा अंदाज वादळाबद्दल एक शब्दही बोलत नाही. त्या कामासाठी दुसऱ्या सेवा आहेत, फुकट आहेत, आणि त्यांच्यातल्या उणिवा माहीत असल्या तर बऱ्यापैकी कामाच्या आहेत.

आधी हंगामी अंदाज. एप्रिलच्या मध्याला देशासाठी एक आकडा येतो : जून ते सप्टेंबर सरासरीच्या किती टक्के पाऊस. ही सरासरी १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची, ८७ सेंटिमीटर. ९६ ते १०४ टक्के म्हणजे सामान्य, ९० च्या खाली म्हणजे तुटीचं साल. आकड्याला पाच टक्के मागे-पुढे होण्याची मुभा असते, मेअखेरच्या सुधारित आकड्याला चार टक्के. अलीकडचा निकाल पाहिला तर गुण द्यावेच लागतात. २०२३ मध्ये ९६ सांगितले, ९४ पडला. २०२४ मध्ये १०६ सांगितले, १०८ पडला. २०२५ मध्ये एप्रिलला १०५ सांगितले, पडला १०८. जुनी जखम २००२ ची : १०१ सांगितले आणि ८१ वर हंगाम संपला. २००९ मध्येही ९६ सांगून ७८ झाला. पद्धत २०२१ पासून बदलली आहे. आता अनेक मॉडेलांचा मिळून अंदाज काढतात, म्हणून जुन्या चुकांवरून आजच्या सेवेला नापास करणं बरोबर नाही.

पण एकूण आकडा बरोबर आला म्हणून आपलं वावर भिजलं असं होत नाही. २०२३ चाच हंगाम घ्या. शेवटची बेरीज ९४ टक्के, म्हणजे अंदाजापासून दोनच टक्के दूर. मात्र त्या सालचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, देशात ३६ टक्के तूट. कोरडवाहू कपाशीला पाते-फुलं लागतात तेव्हाच खंड पडला तर सप्टेंबरच्या पावसाने टक्केवारी भरून निघते, गेलेली पाती परत येत नाहीत. आकड्यावरून एल निनोचा (प्रशांत महासागर तापण्याचा) बाऊ करण्याचीही सवय आहे. १९९७ ला मोठा एल निनो होता, तरी देशात पाऊस १०२ टक्के पडला. २०१५ ला तसाच एल निनो ८६ टक्क्यांवर घेऊन गेला.

म्हणून बातमीतला आकडा सोडा आणि सोबतचा रंगीत नकाशा उघडा. तो तीन शक्यतांचा असतो : सरासरीपेक्षा जास्त, सरासरीइतका, सरासरीपेक्षा कमी. काहीच माहीत नसेल तर प्रत्येकीला ३३ टक्के. खान्देशावर ‘जास्त पाऊस, ४५ टक्के’ असा रंग आला, तर दहापैकी साडेपाच वेळा तसं होणार नाही, हेही त्याच रंगात लिहिलेलं आहे. पांढरा भाग दिसला तर समजायचं की मॉडेलांना इथे काही सांगता येत नाही. ‘पांढरं म्हणजे सामान्य’ ही व्हॉट्सॲपवरची समजूत खोटी आहे.

नकाशा कुठे बघायचा हेही आपल्याकडे अनेकांचं चुकतं. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा हे अवर्षणाचे तालुके, तिथे पाहायचा तो आपल्याच डोक्यावरचा रंग. गिरणा पट्ट्यात, म्हणजे चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, एरंडोलला, कालव्याचं आवर्तन मिळणार की नाही हे कळवण-मालेगावकडच्या पावसावर ठरतं. गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात आहे, त्याचं पाणीही तिकडचंच. तापीवरच्या हतनूर धरणाला पाणी येतं ते बैतूल, मेळघाट आणि पूर्णेच्या खोऱ्यातून. भुसावळला आकाश कोरडं असताना हतनूरचे दरवाजे उघडतात ते यामुळेच. तेव्हा कालव्याखालच्या शेतकऱ्याने नकाशात आपला जिल्हा शोधणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात आपला घास शोधणं.

या अंदाजाचा खरा उपयोग जूनच्या आधी पैसा कुठे अडकवायचा एवढ्यापुरता. मृगबागेसाठी, म्हणजे जूनच्या केळी लागवडीसाठी, टिश्यू कल्चरची रोपं आगाऊ नोंदवावी लागतात. सहा बाय पाच फुटांवर एकरी साधारण १,४५० रोपं बसतात. उताऱ्यावर पाच एकर असतील आणि नकाशा कमी पावसाकडे झुकला असेल, तर विहिरीचं मेमधलं पाणी मोजून तीन एकरांची नोंदणी करावी. पूर्ण माघार घेण्याइतका हा अंदाज पक्का नसतो. चारा, पाइपलाइन, कर्जाचे हप्ते, अशा निर्णयांसाठी पाचपैकी साडेतीन गुण. पेरणीची तारीख ठरवायला शून्य. २०२५ ला मान्सून २४ मे रोजी केरळात आला, २६ मेला मुंबईत, एरवीपेक्षा सोळा दिवस आधी. बातमी ऐकून घाईत कोरडवाहू पेरणी करणाऱ्याला पुढे जूनच्या मध्यापर्यंत तो थबकलेलाच दिसला. कृषी विभागाचा जुना नियम अजून शहाणा आहे : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरल्याशिवाय तिफण धरू नये.

दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो. पहिले दोन आठवडे विश्वासाचे, पुढचे दोन वाचले नाहीत तरी चालतील. मेघदूत ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला मराठीत मिळतो. पाच दिवसांचं तापमान, पाऊस, वारा ठीक असतो. सल्ल्याची भाषा मात्र ‘आवश्यकतेनुसार फवारणी करावी’ अशा साच्यातली.

आता वादळ. मे-जूनमध्ये तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या पट्ट्यात, रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा इथे, बागा झोपतात तेव्हा पाऊस बहुधा चार थेंबच पडलेला असतो. हे असं का, ते समजलं की इशारे वाचायला सोपे जातात. ढगाचा तळ किती उंच आहे ते काढायची सोपी रीत : तापमानातून दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होतं तो) वजा करा आणि १२५ ने गुणा. दुपारी पारा ४३ वर आणि दवबिंदू २१, तर फरक २२, म्हणजे तळ सुमारे २,७५० मीटरवर. एवढ्या उंचीवरून पडणारा पाऊस वाटेतल्या कोरड्या हवेत आटतो. आटताना हवा गार आणि जड होते, दगडासारखी खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. धुळीची भिंत आधी आणि गार झोत मागून येतो तो हाच. ढग आपल्या गावावर असण्याचीही गरज नसते, आठ-दहा किलोमीटरवर कोसळलेला झोत पुरतो. कोरड्या उन्हाळ्यात दवबिंदू दहा-बाराच असतो, तेव्हा ढगच बनत नाही. तो अठरा-वीसवर चढला, रात्रीचा उकाडा कमी झाला नाही आणि अंग चिकट झालं, की पुढचे दोन-तीन दिवस धोक्याचे. वेळ बहुधा दुपारी तीन ते रात्री नऊ.

असा एक ढग अर्धा-पाऊण तास जगतो आणि काही किलोमीटर रुंद असतो. हंगामी मॉडेल समुद्राचं तापमान आणि महिन्यांची सरासरी पाहतं, त्याला हा दिसणं शक्यच नाही. हवामान विभागाची सहा किलोमीटर जाळीची नवी भारत प्रणाली मे २०२५ मध्ये सुरू झाली. तीही ‘उद्या जळगाव जिल्ह्यात वादळी वारे’ इतपत सांगेल, ‘सावद्यात साडेपाचला’ असं सांगणार नाही. विंडी ॲपवरचा युरोपीय नकाशा नऊ किलोमीटरचा. त्यातली झोतवाऱ्याची आणि केपची (CAPE, म्हणजे वादळी ढगाला मिळणाऱ्या ऊर्जेचं माप) पानं आदल्या रात्री पाहावीत. केप दोन हजारांच्या वर दिसला तर दुसऱ्या दिवशीचे बेत बदलण्याइतकं कारण आहे. ठिपका नेमका आपल्या गावावर नाही म्हणून निर्धास्त होऊ नये.

खरं काम करतो तो तीन तासांचा इशारा. हवामान विभागाच्या मौसम ॲपवर, आपत्तीचे इशारे देणाऱ्या सचेत ॲपवर आणि एसएमएसने येतो. पिवळ्या-नारिंगी रंगापेक्षा त्यातला वाऱ्याचा आकडा वाचा : ताशी ४१ ते ६१ किलोमीटर म्हणजे मध्यम वादळ, ६२ ते ८७ म्हणजे तीव्र, त्यापुढे अतितीव्र. पहिल्या गटात पानं फाटतात आणि घडाचं वजन असलेली झाडं कलतात, दुसऱ्यात खोडं मधून मोडतात. या सेवेची मोठी उणीव खान्देशापुरतीच आहे. मुंबई, नागपूर आणि भोपाळ ही मोठी रडार जळगावपासून तीनशे किलोमीटरच्या पलीकडे आहेत. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळते. अर्ध्या अंशाचा सर्वांत खालचा किरणसुद्धा २५० किलोमीटरवर जवळपास सहा किलोमीटर उंचावर असतो. त्याला ढगाचं डोकं दिसतं, पोटातून कोसळणारी हवा दिसत नाही. त्यामुळे आपल्याकडचे इशारे बरेचदा पूर्ण जिल्ह्याला सरसकट मिळतात आणि चारपैकी तीन वेळा आपल्या गावात काहीच होत नाही. लोक मग चौथ्याकडेही दुर्लक्ष करतात. जिल्ह्यात कुठेतरी होणार हे बहुधा खरं असतं, म्हणून पाचपैकी तीन.

दामिनी ॲप ही पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची चीज. विजा टिपणाऱ्या सेन्सरांच्या जाळ्यावर चालतं, त्यामुळे रडारची अडचण त्याला नाही. २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळांत गेल्या काही मिनिटांत वीज कुठे पडली ते दाखवतं. ठिपके दर दहा मिनिटांनी आपल्याकडे सरकत असतील तर ढगाची दिशा आपोआप कळते. वादळासाठी हाच सर्वांत चांगला फुकटचा पर्याय, पाचपैकी चार. एक गुण कापला तो फोनच्या भानगडींसाठी. लोकेशन ‘नेहमी चालू’ नसेल किंवा बॅटरी बचतीत ॲप झोपलं असेल तर सूचना वेळेवर येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही बदलावंच लागतं, आणि सालदाराच्या फोनमध्येही टाकून द्यावं. वादळात वावरात तोच असतो. टॉवर पडला तर कानावर भरवसा : चमक आणि गडगडाट यांत तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की निंबाखालून उठून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

इशारा मिळाल्यावर काय करता येतं यावरच त्याची किंमत ठरते. तीन दिवस हातात असतील तर निसवलेल्या (घड बाहेर पडलेल्या) झाडांना टेकू द्या, बांबू घड ज्या बाजूला झुकला आहे त्या बाजूने लावा. पट्टी वापरत असाल तर ती खोडाच्या मानेला, पानांच्या देठांखाली बांधून शेजारच्या ओळीतल्या झाडाच्या बुंध्याला ताणा. दोन्ही टोकं मानेलाच बांधली तर एक झाड पडताना दुसऱ्याला ओढून नेतं. कापणीला पंधरा दिवस उरलेला माल असेल तर व्यापाऱ्याशी लवकर बोला. एक दिवस असेल तर ठिबक बंद ठेवा, भिजून मऊ झालेल्या जमिनीतून झाड मुळासकट उपटतं. तीन तास असतील तर मका आणि कांदा झाकणं, शेडनेटच्या दोऱ्या पाहणं, मोटरचा मेन स्विच पाडणं, गुरं झाडाखालून सोडणं. अर्ध्या तासात बागेत शिरून टेकू लावायचा मोह आवरा.

वाराअडव्याची शेवरी किंवा गजराज गवत केळीसोबतच लावावं लागतं, मेमध्ये सुचून उपयोग नाही. दोन ओळी, पश्चिम आणि दक्षिणेला. चार मीटर उंचीची ओळ चाळीस-पन्नास मीटरपर्यंत आडोसा देते. पत्र्याची किंवा विटांची भिंत त्याहून वाईट, वारा तिच्यावरून उसळून मागच्या ओळींवर कोसळतो.

आणि शेवटी महावेध या राज्याच्या हवामान प्रकल्पाची केंद्रं, कारण हवामान आधारित फळपीक विम्याचा काटा तिथेच हलतो. महसूल मंडळाला एक स्वयंचलित केंद्र, मंडळात गावं दहा-वीस, झोताची रुंदी दोन-चार किलोमीटर. बाग झोपलेल्या गावात वारा ताशी ८० आणि केंद्रावर ३५, हे सहज घडू शकतं. केळीसाठी वेगाच्या वाऱ्याचा निकष ताशी ४० किलोमीटरपासूनचा राहिला आहे, चालू हंगामाचा आकडा आणि कालावधी त्या वर्षीच्या शासन निर्णयातच पाहावा. वारा आणि गारपिटीच्या नुकसानीत मात्र वैयक्तिक सूचना देता येते आणि त्यासाठी ७२ तासच मिळतात. संध्याकाळी सहाला बाग पडली तर घड्याळ तेव्हाच सुरू झालं, पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत थांबलेलं नाही. पीक विम्याच्या ॲपवर सूचना नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा, वेळ आणि ठिकाण उमटणारे फोटो चारही कोपऱ्यांतून काढा, एक फोटो गट क्रमांकाच्या खुणेसह. पडलेली खोडं पंचनाम्याआधी बांधावर फेकू नका. घड वाचवायचे असतील तर ओळ तशीच ठेवून फक्त घड उतरवा.