क्यूजीआयएसमधला जॉइन : आठ महिन्यांचा अनुभव आणि दोन खेड

तालुकावार लोकसंख्येचा मोठा नकाशा छापून आला, भिंतीवर लागला, आणि बैठकीला आलेल्या रत्नागिरीकडच्या कार्यकर्त्याने पहिल्या पाच मिनिटांत बोट ठेवलं, "आमचं खेड एवढं गडद कसं?" त्याचं बरोबर होतं. चाकण ज्यात येतं ते पुणे जिल्ह्यातलं खेड आणि कोकणातलं खेड, दोन्हींचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत एकच. छपाईचे पैसे बुडाले. आमच्यासारख्या छोट्या संस्थेला ते सहज सोसणारे नव्हते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. नकाशा क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये केला होता, आणि घोळ झाला तो जॉइनमध्ये, म्हणजे नकाशातले तालुके आणि तक्त्यातले आकडे एका समान रकान्यावरून जोडताना.

२०११ च्या जनगणनेत तालुक्याचा संकेतांक पाच अंकी आहे आणि त्याची सुरुवात शून्याने होते. आकड्यांच्या तक्त्याची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) स्प्रेडशीटमध्ये उघडून तशीच सेव्ह केली की तो शून्य उडतो. मग नकाशात पाच अंकी मजकूर, तक्त्यात चार अंकी संख्या. जॉइन केल्यावर सगळे रकाने नल, म्हणजे रिकामे. मुदत जवळ आली होती, म्हणून मी तालुक्याच्या नावावर जॉइन केला. रकाने भरले, हायसं वाटलं.

चूक तिथेच झाली. लेयर प्रॉपर्टीजमधला (नकाशाच्या थराच्या सेटिंगमधला) रोजचा जॉइन जुळणाऱ्या ओळींपैकी एकच ओळ उचलतो आणि दुसरी होती हे कळवत नाही. पुण्याचा जिल्हा संकेतांक ५२१, रत्नागिरीचा ५२८, त्यामुळे तक्त्यात पुण्याचं खेड आधी येतं. कर्जतचंही तेच : रायगडचा आकडा अहिल्यानगरच्या कर्जतला. नल दिसला असता तर मी थांबले असते. भरलेला चुकीचा आकडा कोण तपासतं?

त्या आठवड्यात मी हे सॉफ्टवेअर सोडायच्या बेतात होते. पण सशुल्क पॅकेजचा परवाना परवडण्यातला नाही, म्हणून पुन्हा खोदायला बसले आणि मत बदललं. प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये 'जॉइन ॲट्रिब्यूट्स बाय फील्ड व्हॅल्यू' आहे. ते चालवल्यावर लॉगमध्ये किती जुळले, किती नाहीत हे आकड्यात येतं, आणि न जुळलेल्यांचा वेगळा लेयरही काढून घेता येतो. त्यातच प्रत्येक जुळणीसाठी स्वतंत्र फीचर (नकाशावरची एक आकृती, इथे एक तालुका) करायचा पर्याय आहे. तो निवडून नावावर जॉइन केला, तर दोन खेडांचे चार झाले! फीचरची संख्या वाढली की समजावं, किल्लीत, म्हणजे ज्या रकान्यावर जोडलं त्यात, दुबार नोंद आहे. जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यात एकूण, ग्रामीण, शहरी अशा वेगळ्या ओळी असतात. तिथेही हीच युक्ती कामाला येते. इतकी महत्त्वाची गोष्ट टूलबॉक्सच्या पोटात असावी आणि रोजच्या जॉइन खिडकीत साधी संख्याही दिसू नये, ही माझी तक्रार मात्र कायम आहे.

शून्याचं औषध सोपं निघालं. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये एलपॅड हे डावीकडे अक्षरं भरणारं फंक्शन वापरून संकेतांक पुन्हा पाच अंकी मजकूर करायचा. सीएसव्हीशेजारी त्याच नावाची सीएसव्हीटी (रकान्यांचे प्रकार सांगणारी छोटी) फाइल ठेवून रकान्याचा प्रकार 'स्ट्रिंग' लिहिला की क्यूजीआयएस तो संख्या म्हणून वाचत नाही. नावावर आता मी अजिबात विसंबत नाही. वेल्ह्याचं राजगड झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर, जुने तक्ते जुन्याच नावांचे.

शेपफाइल या जुन्या नकाशा-फाइल प्रकारात एक्स्पोर्ट करणार असाल तर जॉइनचा प्रीफिक्स (जोडलेल्या रकान्यांच्या नावाआधी लागणारं तक्त्याचं नाव) आधी काढा. रकान्याच्या नावाला दहाच अक्षरांची जागा असते, सगळी प्रीफिक्सच खाऊन टाकतो. मी जिओपॅकेज या नव्या फाइल प्रकारातच ठेवते. एक्स्पोर्ट कराच, कारण लेयर प्रॉपर्टीजमधला जॉइन फक्त प्रोजेक्टपुरता असतो.

नवा नकाशा गेल्या महिन्यात लागला. छापायला देण्याआधी दोन्ही खेड आणि दोन्ही कर्जत उघडून मूळ तक्त्याशी ताडून पाहिले, मगच फाइल पाठवली.