इनोव्हेशन मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट: दहा महिने वापरल्यावर

भोसरी एमआयडीसीत आमचं साठ माणसांचं प्रेसशॉप आहे. शीटमेटलचे ब्रॅकेट, क्लॅम्प, सीटखालच्या पट्ट्या असे पार्ट काढतो. तिथे मी क्वालिटी बघते, बारावं वर्ष चालू आहे. गेल्या वर्षी एका गिऱ्हाईक कंपनीच्या व्हेंडर फॉर्मवर नवा प्रश्न आला: तुमच्याकडे नावीन्य व्यवस्थापनाची काही पद्धत आहे का, आणि ती चालवायला प्रशिक्षित माणूस आहे का? साहेबांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, हे तुम्हीच बघा." बघता बघता मी दोनदा कोर्सची फी भरली. आता दहा महिने ते शिक्षण रोज वापरतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली फी वाया गेली. दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स, शेवटी वीस प्रश्न, आणि सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट. त्यावर 'आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त' असं छापलेलं. गिऱ्हाईकाचा ऑडिटर आला, त्यानं कागद हातात घेऊन एकच विचारलं, "मान्यता कोणाची?" मी संस्थेला मेल केला. त्यांनी मान्यता देणाऱ्या मंडळाचं नाव कळवलं, आणि शोधल्यावर त्या मंडळाचा पत्ता आणि संस्थेचा पत्ता एकच निघाला. अकरा हजार रुपये माझ्या पगारातले होते. त्याचा राग अजून आहे, म्हणून आधी हेच सांगते.

आयएसओ ही जिनिव्हाची संस्था फक्त मानकं लिहिते. ती कोणालाही सर्टिफिकेट देत नाही. सर्टिफिकेट देते ती सर्टिफिकेशन बॉडी. आणि ती बॉडी आपलं काम नीट करते की नाही हे तपासून तिला अधिस्वीकृती देते ती अ‍ॅक्रिडिटेशन बॉडी. भारतात हे काम क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचं एनएबीसीबी हे मंडळ करतं, बाहेरच्या देशांत त्यांची त्यांची मंडळं आहेत. कंपन्यांना सर्टिफिकेट देणाऱ्या बॉडीला आयएसओ/आयईसी १७०२१-१ पाळावं लागतं, माणसांना देणाऱ्या बॉडीला १७०२४. या १७०२४ मध्ये शिकवणं आणि पास करणं यांची सरमिसळ चालत नाही, आणि सर्टिफिकेट ठरावीक मुदतीनंतर पुन्हा मिळवावं लागतं. कोर्सला हजर राहिल्याचा कागद वेगळा आणि हे वेगळं.

तेव्हा पैसे भरायच्या आधी विचारा: तुम्हाला अधिस्वीकृती कोणाची? कुठल्या मानकाखाली? आणि नेमकी हीच स्कीम त्या अधिस्वीकृतीच्या स्कोपमध्ये, म्हणजे व्याप्तीत, आहे का? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. एखादी बॉडी ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकासाठी अगदी खरी अधिस्वीकृत असते आणि इनोव्हेशनसाठी नसते, लोगो मात्र सगळीकडे तोच झळकतो. तोंडी उत्तरावर थांबू नका. अ‍ॅक्रिडिटेशन बॉडीच्या वेबसाइटवर स्कोप बघायला मिळतो. तिथे जाऊन स्वतः वाचा.

आणखी एक. 'तुमची कंपनी आयएसओ ५६००२ सर्टिफाइड करून देतो' असे फोन मला आजही येतात. ५६००२ हे इनोव्हेशन मॅनेजमेंटचं २०१९ चं मानक मार्गदर्शनाचं आहे. त्यात 'असं करावं' अशी भाषा आहे, 'केलंच पाहिजे' अशी नाही, त्यामुळे त्यावर ऑडिट करून पास-नापास ठरवता येत नाही. अटींचं मानक ५६००१, ते सप्टेंबर २०२४ मध्ये आलं. एवढा फरक माहीत असला तरी निम्मे फोन तिथल्या तिथे ठेवता येतात.

दुसरा कोर्स मात्र नीट निवडला. पाच दिवस, शेवटी परीक्षा, आणि परीक्षा घेणारी बॉडी १७०२४ खाली अधिस्वीकृत. शिकवणारे अनुभवी होते. ९००१ मध्ये वर्षं घालवलेल्या माणसाला मांडणी ओळखीचीच वाटते: संदर्भ, नेतृत्व, नियोजन, आधार, काम, मोजमाप, सुधारणा. नवं आहे ते 'काम' या कलमात. संधी ओळखा, कल्पना तयार करा, कल्पना पडताळा, उपाय विकसित करा, उपाय वापरात आणा. वाचायला साधं वाटतं. आमच्या शॉपमध्ये यातली तिसरी पायरी कधी नव्हतीच. कल्पना सुचली की एकतर साहेब लगेच मशीनची ऑर्डर द्यायचे, नाहीतर ती चहाच्या कपाबरोबर संपायची.

कोर्समध्ये कमी पडलं ते उदाहरणांत. सगळी उदाहरणं अशा कंपन्यांची, ज्या स्वतःचा माल स्वतः डिझाइन करतात. आमच्यासारख्या व्हेंडरचं ड्रॉइंग गिऱ्हाईकाचं असतं. पार्टचा एक होल हलवायचा अधिकार आम्हाला नाही, प्रोसेस बदलायची तरी आधी गिऱ्हाईकाला कळवावं लागतं आणि बहुतेक वेळा पीपॅप, म्हणजे पार्टची गिऱ्हाईकाकडून कागदोपत्री मंजुरी, पुन्हा करावं लागतं. मग नावीन्य आणायचं कुठे? हे मी वर्गात विचारलं, समाधान होईल असं उत्तर मिळालं नाही. ते पुढे शॉपमध्येच सापडलं: डायमध्ये, पॅकिंगमध्ये, तपासणीत, माल हलवण्यात.

आता वापराबद्दल. सर्वांत जास्त उपयोगी पडली ती व्याख्या. ५६००० या शब्दसंग्रहाच्या मानकात इनोव्हेशन म्हणजे नवी किंवा बदललेली गोष्ट, जिच्यामुळे मूल्य प्रत्यक्ष हाती येतं किंवा त्याची नव्यानं वाटणी होते. आणि सोबत टीप आहे की नवेपणा आणि मूल्य हे त्या संस्थेच्या आणि संबंधित लोकांच्या नजरेतून ठरतं. या टिपेनं आमचं एक भांडण मिटवलं. फायनल इन्स्पेक्शनला बसणाऱ्या एका ताईंनी सुचवलं होतं की डाव्या आणि उजव्या बाजूचे ब्रॅकेट मिसळतात, तर बिनच्या तळाला अशी पिन लावा की चुकीच्या बाजूचा पार्ट बसणारच नाही. साहेब म्हणाले, "यात नवीन काय? जपानी लोक हे कधीपासून करतात." खरंच आहे, पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी सोय, तिकडचंच, आणि टोयोटात कामगारांकडून सूचना मागवण्याची पद्धत १९५१ पासून आहे. पण आमच्या शॉपला ती पिन नवी होती. टूलरूमच्या मिस्त्रींनी दुपारभरात करून दिली. त्याआधी वर्षभरात मिसळल्याच्या चार तक्रारी आल्या होत्या, पिन लावल्यापासून एकही नाही.

दुसरा अनुभव उलटा, आणि माझ्या लेखी त्याची किंमत जास्त आहे. प्रेसवरून सुटलेल्या पार्टला एखादा होल कमी आहे का हे कॅमेऱ्यानं बघायचं, अशी साहेबांची फार इच्छा. कोटेशन चार लाखांच्या पुढे. मी म्हटलं, आधी पडताळू. स्टँडवर जुना मोबाईल, दोन एलईडी पट्ट्या, तीन आठवडे फोटो. पार्टवर ड्रॉइंग ऑइलचा, म्हणजे पत्रा दाबताना लावतात त्या तेलाचा, थर असतो, तो चमकतो, आणि होल खरंच कमी आहे की तिथे नुसती चमक आहे हे फोटोत कळत नाही. आधी पार्ट धुवायचा तर वेगळं स्टेशन लागतं, सायकल टाइम कोलमडतो. सहा हजारांत उत्तर मिळालं आणि आम्ही थांबलो. साहेब दोन दिवस गप्प होते. मग त्यांनीच आमच्या सूचनांच्या नोंदवहीत लिहायला लावलं की का थांबलो, म्हणजे पुढच्या वर्षी कोणी हेच कोटेशन पुन्हा आणणार नाही.

ही नोंदवही माझी चूकही आहे. सुरुवातीला मी कोर्सच्या नमुन्याप्रमाणे चौदा रकान्यांची एक्सेल शीट केली, इंग्रजीत. पहिल्या महिन्यात एकतीस सूचना आल्या, तिसऱ्या महिन्यात चार. ऑपरेटरना विचारत फिरले तेव्हा एकानं स्पष्ट सांगितलं, "मॅडम, लिहून काय होतं, कोणी सांगत तर नाही पुढे काय झालं." त्या दिवशी शीट बंद केली. आता मराठीत अर्ध्या पानाचा कागद आहे: अडचण काय, सुचतंय काय, आधी छोटं करून कसं बघता येईल. आणि आठ दिवसांत सूचना देणाऱ्याला तोंडी उत्तर, नकार असला तरी कारणासकट, त्याच्याच मशीनपाशी जाऊन. आकडा परत महिन्याला पंधरा-सोळावर आला आहे. हे उत्तर द्यायला माझा रोज अर्धा तास जातो, आणि पूर्ण पद्धतीतला हाच भाग मी काही झालं तरी सोडणार नाही.

कंपनीसाठी ५६००१ चं सर्टिफिकेट आम्ही अजून घेतलेलं नाही. दोन टप्प्यांचं ऑडिट, मग तीन वर्षांच्या मुदतीत दरवर्षी सर्व्हेलन्स, म्हणजे फेरतपासणी, आणि ९००१ व वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकाची ऑडिट आधीच डोक्यावर. ज्या गिऱ्हाईकानं विचारलं होतं, त्याला आमची नोंदवही आणि माझं सर्टिफिकेट पुरलं. कोणी सर्टिफिकेटची अट घातली तर विचार करू. छोट्या उद्योगांनी खर्चाचा क्रम ठरवताना केंद्राची झेड (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) ही छोट्या-मध्यम उद्योगांसाठीची गुणवत्ता सर्टिफिकेशनची योजना आधी बघावी असं माझं मत. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आहेत आणि सर्टिफिकेशनच्या खर्चात सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के, लघु उद्योगांना ६० टक्के सवलत आहे.

वैयक्तिक सर्टिफिकेट कोणी घ्यावं? ज्याच्या हातात शॉपमध्ये काही करून बघायची मुभा आहे, त्यानं जरूर घ्यावं. माझा पगार त्यानं वाढलेला नाही, आणि नोकरी बदलायला त्याचा किती उपयोग होतो हे मी आजमावलेलं नाही. पिन सुचवणाऱ्या ताईंनी मात्र आता दुसरा कागद दिलाय, खोक्यांऐवजी परत येणाऱ्या लोखंडी ट्रॉलींचा. दोन ट्रॉली वेल्ड करून झाल्यात. सोमवारच्या डिस्पॅचला पाठवतोय, पंधरा दिवस, एकाच गिऱ्हाईकाकडे.