स्थलनिर्देशक नकाशा की उपग्रह प्रतिमा?

अकरावीला भूगोल घेतलेल्या भाचीने विचारले, की प्रमाण, उंची आणि उतार या संकल्पना पक्क्या करण्यासाठी आधी काय हाताळावे. या तिन्ही बाबतींत स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा, नद्या, रस्ते व वस्त्या तपशिलाने दाखवणारा नकाशा, निःसंशय सरस आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. तपकिरी समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) जेथे दाटतात तेथे उतार तीव्र असतो, आणि पावसाळ्यानंतर कोरडा पडणारा ओढा निळ्या नव्हे, तर काळ्या रेषेने दाखवलेला असतो. साध्या प्रतिमेवरून उंची अशी वाचता येत नाही. ताजेपणात मात्र प्रतिमा पुढे आहे, आणि इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर ती विनामूल्य पाहता येते. पाया घालणाऱ्याने नकाशाच घ्यावा. शहराची वाढ किंवा धरणांतील पाणीसाठा अभ्यासायचा असेल, तर प्रतिमा घ्यावी.