‘नो युअर स्कूल’: झेडपीची छोटी शाळा निवडताना किती कामाचं?

‘नो युअर स्कूल’ ही यूडायस प्लसची, म्हणजे केंद्र सरकारच्या शाळांच्या माहिती-नोंदीची, ऑनलाइन सोय. प्रत्येक शाळेचं माहितीचं कार्ड तिथे मोफत पाहता येतं. लहान जिल्हा परिषद शाळेची इमारत आणि पट तपासायला चांगली, अभ्यास तपासायला निरुपयोगी.

शाळा नावाने शोधू नका. नावं इंग्रजीत, हवी तशी तोडून भरलेली असतात. अकरा आकडी यूडायस क्रमांक शाळेच्या फलकावर किंवा दाखल्यावर मिळतो. महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात 27 ने. व्यवस्थापनापुढे ‘लोकल बॉडी’ दिसलं तर गोंधळू नका, झेडपीची शाळा अशीच दाखवतात.

सगळ्यात मोलाचा भाग इयत्तावार पटाचा. वर्ष बदलून तीच तुकडी पुढे पाहत जा: पहिलीत 14 होती आणि पुढच्या वर्षी दुसरीत 9 उरली, तर पाच मुलं कुठे गेली हे गावात विचारा. पहिलीच दरवर्षी लहान होत असेल, तर गावात मुलंच कमी झाली असतील किंवा पहिलीपासूनच मुलं व्हॅनने दुसऱ्या शाळेत जात असतील.

शिक्षकांचा आकडा मात्र फसवा. आरटीईनुसार (शिक्षणहक्क कायदा) 60 पटापर्यंत दोन शिक्षक, म्हणजे पहिली ते चौथीच्या शाळेत एकाकडे दोन-दोन वर्ग. त्यातला एक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की चारही वर्ग एकत्र. कार्डावर तरी ‘2’च दिसतात. शौचालयांचं एकूण पाहू नका, चालू किती ते पाहा. माहिती शाळाच भरते, हेही ध्यानात ठेवा.

निकालाची टक्केवारी इथे नाही, आणि लहान पटावर ती फारशी कामाचीही नाही. आठ मुलांत एक मागे पडलं की साडेबारा टक्के गेले! शिष्यवृत्ती परीक्षेच्या यशाचे बॅनर लागतात, तिथे तीन आकडे विचारा: बसले किती, पात्र किती, शिष्यवृत्तीधारक किती. पात्र म्हणजे प्रत्येक पेपरात 40 टक्के, एवढंच. शिष्यवृत्ती गुणवत्ता यादीतल्यांना. मुलांना वाचन-गणित किती येतं हे पाहणाऱ्या ‘असर’ची पाहणी नमुन्यावर चालते, ती एकेका शाळेबद्दल काही सांगत नाही. पण तिची रीत उसनी घ्या: तिसरी-चौथीच्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला द्या आणि 41 वजा 17 करायला सांगा. वह्यांत तपासल्याच्या खुणा किती ताज्या आहेत, तेही बघा.

जाणार असाल तर मधल्या सुट्टीत नको, परिपाठानंतरच्या पहिल्या तासाला जा. शिक्षक एका वर्गात असताना दुसरा वर्ग काय करतोय, ते तेव्हाच दिसतं.