सांगलीत कुत्र्याचं ग्रूमिंग करून घेताय? केस कापायचं मशीन कुणाच्या हातात आहे ते आधी बघा

सोन्या म्हणजे आमचा पॉमेरियन, सात वर्षांचा. (डॉक्टर म्हणतात आपल्याकडे ज्याला पॉमेरियन म्हणतात तो बऱ्याचदा इंडियन स्पिट्झ असतो, असू दे, आमच्यासाठी पॉमेरियनच.) एप्रिलमध्ये तो मरता मरता वाचला आणि तेही कुठल्या आजाराने नाही, मी स्वतः पैसे भरून जिथं त्याला अंघोळीला सोडून आलो तिथल्या लोकांमुळे. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण ग्राहक आयोगात तक्रार चालू आहे, पण कसं फसवलं ते सगळं सांगतो, कारण असेच बोर्ड आता सांगली, मिरज, कुपवाड सगळीकडे दिसायला लागलेत आणि मला जे तेव्हा विचारायचं सुचलं नाही ते तुम्हाला तरी सुचावं.

दिवाळीनंतर आमच्या विश्रामबागच्या बाजूला हे ग्रूमिंगचं, म्हणजे कुत्र्यांची अंघोळ, केस, नखं करून द्यायचं दुकान उघडलं. बोर्डवर मोठ्या अक्षरात 'सर्टिफाइड ग्रूमर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली'. आत एसी, काचेचं दार, भिंतीवर फ्रेम केलेली दोन सर्टिफिकेटं आणि शेजारी शॉप ॲक्टचा कागद, तोही फ्रेम करून. मालक तिशीतला, बोलायला एकदम गोड, "काका तुम्ही फक्त सोडून जा, टेन्शन घेऊच नका." सहा वेळचं पॅकेज ४२०० रुपये, आधी भरायचे. मी फोनपे करून मोकळा झालो. डॉक्टर कोण हे विचारलं नाही, बोर्डवर लिहिलंय म्हणजे असणारच असं धरून चाललो.

पहिल्या दोन वेळा काम खरंच चांगलं झालं, तेही सांगायला पाहिजे. तिथं एक मुलगी होती, पंचविशीतली असेल. पहिल्या दिवशी तिने सोन्याला टेबलावर घ्यायच्या आधी आम्हाला दहा मिनिटं बसवून प्रश्न विचारले, फिट येते का, कुठं गाठ आहे का, कशाला घाबरतो, आधी कधी चावलाय का. कोरडा असतानाच सगळा विंचरून घेतला, कारण गुंता तसाच ठेवून पाणी टाकलं तर तो आणखी घट्ट बसतो आणि मग कापावाच लागतो. कानात कापसाचे बोळे घातले. कुत्र्याच्या कानाची नळी सरळ नसते, आत जाऊन वळते, पाणी शिरलं की तिथंच राहतं आणि कान वाहायला लागतो, हे मला सात वर्षं कुत्रा पाळून तिच्याकडून कळलं. माणसाचा शाम्पू वापरू नका हेही तिनेच सांगितलं, आपली कातडी थोडी आम्लाकडे झुकलेली असते, कुत्र्याची तशी नसते, त्यामुळे आपल्या शाम्पूने त्यांना कोरडेपणा आणि खाज सुटते.

तिसऱ्यांदा नेलं ते एप्रिलमध्ये. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशोबाला आहे, त्या दिवसात सौदे चालू, काट्याच्या पट्ट्यांचे ढीग, मान वर करायला वेळ नसतो. पारा चाळिसाला टेकलेला. अकरा वाजता सोन्याला सोडलं, ती मुलगी दिसली नाही, विचारलं तर मालक म्हणाला "येतीय की मागनं, जेवायला गेलीय." अकरा वाजता कोण जेवायला जातं, पण मी घाईत होतो, पट्टा हातात दिला आणि निघालो. निघताना सोन्या काचेच्या दाराला नाक लावून उभा होता. तो तिथं कधी असा उभा राहायचा नाही.

साडेतीनला न्यायला गेलो तर ओळखलाच नाही. सगळं अंग तासलेलं, शेपटीचं टोक आणि डोकं तेवढं सोडून गुलाबी कातडी दिसत होती. मी फक्त अंघोळ आणि नखं सांगितली होती. म्हणाले "उन्हाळा आहे काका, झिरो मारलं, गार वाटंल त्याला." चालताना मागचे पाय सरकत होते, तर म्हणे दमलाय, घरी जाऊन झोपू दे.

घरी आणलं आणि फरशीवर ठेवलं तर चारी पाय पसरून पडला. धापा अशा की पोट भात्यासारखं चाललंय, तोंडातून चिकट तारा लोंबतायत. आमच्या सौ.नी ओठ वर करून बघितलं, हिरड्या विटेसारख्या लाल. तिने पाण्याचा मग आणला तर त्याला मानही उचलता येईना. तसाच मांडीवर घेऊन डॉक्टरांकडे पळालो.

थर्मामीटर लावला तर १०६.४. कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ च्या आसपास असतं. डॉक्टरांनी लगेच नळाचं साधं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर सोडायला लावलं आणि वर फॅन. मी फ्रीजमधला बर्फ मागत होतो तर ते ओरडलेच, बर्फ नको म्हणाले. १०३.५ ला आल्यावर पाणी थांबवलं, कारण त्यापुढे तसंच चालू ठेवलं तर ताप नको तेवढा खाली जातो. सलाइन लावलं. हे पुढच्यांसाठी मुद्दाम लिहितोय, उष्माघात झालेल्या कुत्र्याला ओल्या टॉवेलात गुंडाळून बांधून ठेवू नका, टॉवेल गरम होतो आणि वाफ धरतो, पाणी आणि वारा दोन्ही पाहिजे.

मग डॉक्टरांनी सोन्याचे डोळे बघून विचारलं, याला कुणी गोळी दिलीय का? मी म्हटलं नाही. ते काही बोलले नाहीत, केसपेपरवर मात्र वेळ, ताप आणि 'गुंगीच्या औषधाची शंका' असं स्वच्छ लिहून दिलं. तो कागद पुढं सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

त्या रात्री दहाच्या सुमाराला दुकानातलं पोरगं घरी आलं. अठरा एकोणीस वर्षांचं, आत यायलाच तयार नाही, जिन्यातच उभं. "काका, वाचंल न्हवं का तो?" एवढंच पहिल्यांदा बोललं आणि रडायला लागलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ती मुलगी फेब्रुवारीतच सोडून गेली होती. तेव्हापासून कातरकाम हेच पोरगं करत होतं, त्याच्या आधी ते दुकानात पिंजरे धुवायचं. शिकवलं कुणी नाही, मोबाइलवर व्हिडिओ बघून शिक म्हणाले. सोन्या नखाला हात लावू देईना, गुरगुरायला लागला, तर मालकाने माणसाच्या झोपेच्या गोळीतली अर्धी बिस्किटात घालून द्यायला लावली, आणि अंघोळ झाल्यावर गरम हवेच्या ड्रायर बॉक्समध्ये ठेवलं. काचेचं दार, बाहेरून कडी. हे जेवायला गेलं, मालक बाहेर गेला. किती वेळ होता आत, तर त्यालाही नक्की माहीत नाही, "पाऊण तास असंल."

मला त्या पोरावर राग काढता आला नाही. महिना सहा हजारावर काम करणारं पोरगं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा मुख्य उपाय, आणि बंद पेटीत गरम हवा सोडली की तोच उपाय बंद पडतो. त्यात गुंगीचं औषध म्हणजे शरीराची तापमान सांभाळायची ताकद आणखी कमी, आणि त्रास होतोय म्हणून धडपडायची पण शुद्ध नाही. पग, शिह त्झू, बुलडॉग असल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर याहून जास्त धोका असतो, डॉक्टर म्हणाले यांच्यातलं एखादं असतं तर तुम्ही माझ्यापर्यंत पोचला नसता.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. मालक आधी नाही म्हणाला, मग म्हणाला कुत्राच आजारी असणार आधीपासून, मग म्हणाला राहिलेल्या तीन वेळा फ्री करून देतो, गूगलवरचा रिव्ह्यू तेवढा काढा. त्या तीन वेळांचे पैसे मी आधीच भरले होते, ते फ्री कसलं. डॉक्टर कोण ते सांगा म्हटलं तर "येतात की रविवारी." नाव सांगता आलं नाही. मी डिसेंबरमध्ये सोन्याचा फोटो काढला होता त्यात मागची भिंत आली होती, घरी येऊन तो मोठा करून बघितला. एक सर्टिफिकेट त्या सोडून गेलेल्या मुलीच्या नावाचं, आणि ते त्या दिवशीही भिंतीवर तसंच होतं. दुसरं मालकाचं, त्यावर लिहिलेलं की दोन दिवसांच्या ऑनलाइन वर्कशॉपमध्ये सहभाग. सहभाग! म्हणजे मोबाइल चालू ठेवून बसला होता एवढंच. आणि शॉप ॲक्ट म्हणजे दुकान चालवायची नोंद, कुत्र्याला हात लावायची अक्कल आहे की नाही याच्याशी त्या कागदाचा काडीचा संबंध नाही, पण फ्रेम करून लावला की आपल्यासारख्याला वाटतं सरकारने पास केलंय.

पशुवैद्यकाला कायद्याने रजिस्ट्रेशन लागतं, १९८४ च्या कायद्याप्रमाणे रजिस्टर नसलेल्याला जनावरावर उपचार करायचा धंदा करता येत नाही. ग्रूमिंगला तसं कुणी काही विचारत नाही, उद्या कुणीही एक मशीन आणि एक टब आणून सुरू करू शकतो. म्हणून विचारायचं काम आपल्यावरच येतं. पण गुंगीची गोळी देणं हे ग्रूमिंग नाही, तो औषधोपचार झाला. कुत्रा फारच चवताळत असेल तर तो डॉक्टरांच्या दवाखान्यातच, डॉक्टरांच्या समोर करून घ्यायचा. ग्रूमरने "थोडं शांत करतो" म्हटलं की तिथंच पट्टा उचला.

सोन्याची दोन दिवस सलाइन, किडनी लिव्हरच्या रक्ततपासण्या, सगळे मिळून ६८०० गेले. किडनी वाचली. मांडीच्या आतल्या बाजूला तिसऱ्या दिवशी लाल चट्टे उठले, ते चालू मशीनचं पातं तापून भाजलेले. हे लगेच दिसत नाही, एक दोन दिवसांनी कळतं, कुत्रं चाटत बसतं आणि जखम होते. आणि केस. पॉमेरियन, हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन, लॅब यांना दोन थर असतात, आतला मऊ आणि बाहेरचा राठ, ते दोन्ही मिळून उन्हापासून पण वाचवतात. तासले की गार वाटतं हा आपला गैरसमज, उलट कातडी उघडी पडून ऊन लागतं. स्पिट्झ जातीत तर तासलेले केस कधी कधी महिनोन् महिने परत येत नाहीत. आज आठ महिने झाले, सोन्याच्या पाठीच्या मागच्या भागात अजून टक्कल आहे.

तक्रारीचं सांगतो. पहिल्यांदा १९१५ वर फोन केला, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, दुकानाला नोटीस गेली, उत्तर आलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली. दोन वर्षांच्या आत करावी लागते, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील पाहिजेच असं नाही. फोनपेचा स्क्रीनशॉट, बोर्डचा फोटो, व्हॉट्सॲपवरचं पॅकेजचं बोलणं आणि डॉक्टरांचा केसपेपर जोडला. कुत्रं दगावलं किंवा कायमचं अपंग झालं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. हेतू किंवा असं होऊ शकतं याची जाणीव होती हे दाखवावं लागतं म्हणून पोलिसांत ते सोपं जात नाही, पण असं कलम आहे हे माहीत असू द्या. आणि पॅकेजचे पैसे आधी भरू नका. ते दर बाराशेवरून सातशेला आणलाय असं सांगतात, पण खरं म्हणजे ज्या हाताचं काम बघून तुम्ही पैसे भरता तो हात उद्या तिथं नसतो आणि तुम्ही अडकलेले असता.

त्या मुलीला मी शोधून काढलं. ती आता मिरजेत घरीच कुत्री घेते, दिवसाला तीनच. तिचं सर्टिफिकेट अजून तिथं लावलंय हे तिला माहीतच नव्हतं, तिने लेखी दिलं, तेही तक्रारीला जोडलंय. तिने मला पाती दाखवली, दहा नंबरचं दीड मिलिमीटर केस ठेवतं, चाळीस नंबरचं पाव मिलिमीटर, ते ऑपरेशनच्या आधी वापरतात. सोन्यावर काय चाललं असणार ते तिने कातडी बघूनच सांगितलं.

तिच्याकडे टेबलाला गळ्याचा फास आहे पण कुत्रं वर असताना ती एक हात त्याच्यावरून काढत नाही, फोन वाजला तरी वाजू देते. फासात अडकलेलं कुत्रं टेबलावरून उडी मारतं आणि लटकतं, तेवढ्याला अर्धा मिनिट पण लागत नाही. नखाचं रक्त निघालं तर थांबवायची पावडर डबीत उघडी करून शेजारी. ड्रायर हातातला, गार हवेवर, पेटी नाहीच. आणि आम्हाला समोर स्टुलावर बसायला लावते. मी आता रविवारी जातो, दीड दोन तास तिथंच बसतो.

मागच्या वेळी ती सोन्याच्या पंजांमधले केस काढत होती. दर दोन तीन मिनिटांनी मशीन बंद करायची, पातं स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायची, थांबायची, मग परत चालू. मशीनचा आवाज सुरू झाला की सोन्या अजून थरथरतो, घरी मिक्सर लावला तरी पलंगाखाली जातो, आमची सौ. आता वाटण करायचं असलं की आधी त्याला गॅलरीत नेऊन माझ्याजवळ देते. त्या दिवशी चौथ्यांदा मशीन बंद झालं तेव्हा त्याने पहिल्यांदा पंजा ओढून घेतला नाही.